बुडवलेल्या जहाजांच्या गावी

शुक्रवार, सोलापूर

सोलापुरात मेअखेरीला लोकरीचे पायमोजे मागितले की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग बाहेरच्या उन्हाकडे. नव्या पेठेत दोन दुकानांनी हसून परत पाठवलं, तिसऱ्यानं माळ्यावरून खोकं काढलं. पारा ४३ वर होता. नळाला पाणी परवा येणार होतं. आणि मी निघालो होतो १० अंशांच्या समुद्रात बुडी मारायला.

ठिकाण स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर. तिथं स्कापा फ्लो नावाचं चहूबाजूंनी बेटांनी वेढलेलं मोठं पाणी आहे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा मुख्य तळ तिथं होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं तिथं आणून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनी ती स्वतःच बुडवायला काढली, त्यातली ५२ बुडाली. बरीचशी पुढं भंगारवाल्यांनी वर काढली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तळाशी आहेत आणि जगभरचे डायव्हर त्यांच्यासाठी येतात. पण ती खोल आहेत, २५ ते ४५ मीटर, आणि बोटीशिवाय तिथं जाता येत नाही. तो आपला घास नव्हे. आम्ही निघालो होतो त्याच बेटांवरच्या दुसऱ्या जहाजांकडे. रस्त्याकडेला गाडी लावायची, पाठीला सिलिंडर बांधायचं आणि चालत पाण्यात शिरायचं, एवढंच.

माझं पोहणं विहिरीतलं. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून काकांनी ढकललं होतं, तेव्हापासूनचं. चाळिशी उलटल्यावर तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबाचा कोर्स केला. एरवी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे यंत्रमाग चालवतो. भाचा स्कॉटलंडातल्या अॅबर्डीनला नोकरीला आहे आणि तिथल्या एका डायव्हिंग क्लबात मुरलेला आहे. "मामा, या की एकदा" असं तो फोनवर म्हणायचा. शेवटी तिकीट काढलं.

बॅगेत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमच्याच मागावरचे सहा मोठे टॉवेल. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस.

रविवार, अॅबर्डीन

शनिवार विमानात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी भाच्याच्या क्लबानं भाड्यानं घेतलेल्या तलावात ड्राय सूटची ओळख झाली. तारकर्लीच्या कोमट पाण्यात पातळ सूट पुरतो, तो ओला होतो आणि आतलं पाणी अंगाच्या उबेनं तापतं. इथं तसं भागत नाही. पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून आत लोकरी कपडे, वर हा जलरोधक डगला, मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या. मान आत घालताना टाल्कम पावडर लावावी लागते. ती पट्टी गळ्याशी बसली की पहिली दोन मिनिटं कोणीतरी नरडं धरल्यासारखं वाटतं. मग सवय होते.

सूट घातला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, सूटमधली हवा आकसते आणि कापड अंगाला चिमटे काढायला लागतं. मग छातीवरचं बटण दाबून थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या खांद्याच्या झडपेतून सोडायची. सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर सुटतो. डोकं खाली आणि पाय वर झाले तर हवा पायांत जाऊन बसते, झडप खांद्याला असल्यामुळे बाहेर निघत नाही, आणि उलटं टांगलेलं धूड पृष्ठभागाकडे निघतं. प्रशिक्षकानं मला मुद्दाम उलटं केलं आणि गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायला लावलं, जमेपर्यंत. विहिरीतल्या मुटक्यांचा उपयोग झाला तो इथं.

हवेमुळे सूट तरंगतो, त्यावर उतारा म्हणजे शिसं. माझ्या कमरेला १२ किलो.

सोमवार, गिल्स बे ते बरे बेट

अॅबर्डीनहून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं गिल्स बे बंदर साधारण साडेतीनशे किलोमीटर. इन्व्हरनेसनंतर डोंगर बोडके होत जातात आणि मेंढ्या वाढत जातात. गिल्स बेहून फेरी तासाभराची. मधली पेंटलंडची सामुद्रधुनी भरती-ओहोटीच्या ओढीसाठी बदनाम आहे. इंजिनं पूर्ण जोरात असूनही बोट तिरकी सरकताना कळते.

उतरलो साउथ रोनाल्डसे बेटावर. तिथून मुख्य बेटाकडे जाताना चार बांध लागतात, चर्चिल बॅरियर्स. काँक्रीटचे ठोकळे बेफिकीर रचल्यासारखे दोन्ही अंगाला, वरून गाडीरस्ता. धरणाच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला बांध बघितला की पहिला प्रश्न पडतो तो पाणी कुणासाठी अडवलं हा. इथं पाणी अडवायचंच नव्हतं. पाणबुड्या अडवायच्या होत्या.

स्कापा फ्लोच्या पूर्वेकडच्या खाड्या अरुंद आणि उथळ. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांच्या तोंडाशी जुनी, निकामी जहाजं आडवी लावून तळ फोडून बुडवली. ही ब्लॉकशिप्स. दुसरं महायुद्ध लागल्यावर आणखी बुडवायला घेतली, पण फटी राहिल्या होत्या. १३ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री गुंथर प्रीन या जर्मन कप्तानानं यू-४७ ही पाणबुडी भरतीच्या पाण्यावर, बुडी न घेता, बुडालेल्या जहाजांच्या फटीतून आत घातली. मध्यरात्रीनंतर एचएमएस रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली आणि आल्या वाटेनं निघून गेला. ८३५ माणसं गेली. चर्चिल तेव्हा आरमारमंत्री होते. जहाजांच्या भरवशावर राहायचं नाही, खाड्या कायमच्या बुजवा, असा निर्णय झाला. १९४० मध्ये काम सुरू झालं. तारेच्या जाळ्यांत भरलेले दगड आधी टाकले, वर पाच आणि दहा टनांचे काँक्रीटचे ठोकळे. १२ मे १९४५ ला बांधांचं रीतसर उद्घाटन झालं, म्हणजे युरोपातलं युद्ध संपून चार दिवस झाल्यावर. सरकारी बांधकामाचा वेग सगळीकडे सारखाच, असं मी म्हणालो तेव्हा भाच्यानं सांगितलं की वाहता समुद्र चार ठिकाणी बुजवून दाखवा म्हणावं. तेही खरंच.

बरे बेटाच्या टोकाला तिसरा बांध. पूर्वेच्या अंगाला पाण्यातून एक गंजका सांगाडा वर आलेला दिसतो. तो रेजिनाल्ड, १८७८ साली बांधलेलं शिडाचं जहाज, १९१५ मध्ये इथं बुडवलेलं. आसपास पाण्याखाली आणखी जहाजं आहेत. जी जहाजं वाट अडवायला बुडवली ती अडवू शकली नाहीत, आणि नंतरच्या बांधानं खाडीचा प्रवाहच थांबवल्यामुळे आता त्यांच्याभोवती माझ्यासारखा नवखाही पोहू शकतो. एरवी या खाड्यांतल्या ओढीत उभं राहणंही मुश्कील असायचं.

रेजिनाल्ड बघून माझे हात शिवशिवले, पण भाचा पाण्याकडे बघतच नव्हता. तो गवताकडे बघत होता. गवत पश्चिमेकडे झुकलेलं होतं.

मंगळवार, काठावर

पूर्वेचा वारा. बांधाच्या पूर्वेला उघडा उत्तर समुद्र आहे, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही वाऱ्यात शांत असणारी ही जागा पूर्वेच्या वाऱ्यात खवळते. हिवाळ्यात तर लाटा रस्त्यावरून पलीकडे जातात आणि वाहतूक बंद करावी लागते.

आम्ही सकाळी गेलो, अर्धा तास उभे राहिलो. मला लाटा फार मोठ्या वाटल्या नाहीत. भाच्यानं एक हिशेब सांगितला तो मला पटला: आत जाताना बघायचं नाही, बाहेर येतानाचं बघायचं. आत जाताना अंगात दम असतो, हात-पाय गरम असतात. बाहेर येताना बोटं बधिर, कमरेला शिसं, पाठीवर टाकी, पायाखाली शेवाळलेले दगड, आणि मागून लाट. चाळीस मिनिटांनंतरचा तो मामा या दगडांवर उभा राहू शकेल का? नसेल तर आत जायचं नाही. बोटीवरून उडी मारणाऱ्याला हा विचार बोटवाला करून देतो. किनाऱ्यावरून जाणाऱ्यानं तो स्वतः करायचा असतो, आणि खरं सांगायचं तर या प्रकारात पाण्याखालची अक्कल थोडी आणि काठावरची जास्त लागते. तारकर्लीला मला हे कोणी शिकवलं नव्हतं, कारण तिथं गरज पडली नव्हती.

दिवस मोकळा मिळाला म्हणून लॅम्ब होम या बेटावरचं इटालियन चॅपेल पाहिलं. बांधांचं काम इटालियन युद्धकैद्यांनीही केलं, उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारावर सैनिक. कैद्यांकडून लढाईचं काम करून घेता येत नाही असा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर बोट ठेवून त्यांनी काम थांबवलं होतं. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे बांध बेटांना जोडणारे रस्ते आहेत. गंमत अशी की आज ते खरोखर तेवढेच आहेत.

चॅपेल म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या दोन बराकी टोकाला टोक लावून जोडलेल्या. आत गेल्यावर मात्र भिंती विटांच्या आणि कोरीव दगडाच्या वाटतात. सगळं रंगाचं काम आहे, डोमेनिको कियोकेत्ती या कैद्यानं केलेलं. दिवे गोमांसाच्या रिकाम्या डब्यांतून कापलेले. लाकूड एका फुटलेल्या जहाजाचं. बाकीचे कैदी निघून गेल्यावरही काम पुरं करायला तो मागं राहिला आणि १९६० मध्ये डागडुजीसाठी पुन्हा आला. मी भिंतीला हात लावून बघितला, आणि तिथल्या बाईंनी नम्रपणे टोकलं.

संध्याकाळी नऊला ऊन होतं. दहालाही होतं. भाकरी-चटणी खाऊन पडदे ओढून झोपलो.

बुधवार, पहिली बुडी

वारा रात्रीत फिरून पश्चिमेचा झाला. बांधाच्या आडोशाला पाणी तळ्यासारखं.

गाडीशेजारी तयारी तासभर चालली. सिलिंडर पोलादाचं, १२ लिटरचं, २३० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेलं. टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारा रेग्युलेटर थंड पाण्याचा. टाकीतली दाबाखालची हवा एकदम मोकळी झाली की फार गार होते, आणि पाणीही गार असेल तर रेग्युलेटरच्या झडपेत बर्फ धरू शकतो. मग झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहून टाकी मिनिटांत रिकामी होते. १० अंशांच्या खाली वापरायचे रेग्युलेटर त्यासाठी वेगळे तपासलेले असतात. आम्ही अगदी त्या सीमेवर होतो, आणि भाचा सीमेवर जोखीम घेत नाही.

दोघांचं सामान एकमेकांनी तपासलं: हवा, शिशाचा पट्टा, झडपा, कोणाचा कोणता बकल कुठून सुटतो. हात एकमेकांच्या खांद्यावर, पाय घासत, सावकाश. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर वजन गेलं. तोंड बुडवलं तेव्हा उघड्या राहिलेल्या ओठांना आणि कपाळाच्या पट्टीला थंडी लागली ती सुईसारखी. दात दुखले. दोनेक मिनिटांत ओठ बधिर झाले आणि दुखणं थांबलं.

पहिलं दिसलं ते केल्पचं रान. माणसाच्या उंचीची तपकिरी शैवालं, देठ काठीएवढे जाड, वर चामड्यासारखी पानं. उसाच्या फडात शिरावं तसं ती बाजूला सारत जायचं. मग रान संपलं आणि समोर लोखंड उभं राहिलं.

सिनेमातल्या बुडालेल्या जहाजाला शीड असतं, सुकाणूचं चाक असतं, दरवाजे असतात. हे जहाज नव्हतंच, हा कारखान्याच्या मागच्या आवारातला ढीग होता. बाजूचे पत्रे बाहेरच्या अंगाला पडलेले, बरगड्या उघड्या, त्यांच्यामध्ये वाळू भरलेली. मी पहिली दहा मिनिटं काय बघतोय ते मला कळलं नाही. भाच्यानं हातानं रेषा दाखवली, इथून तिथपर्यंत एक बाजू, मग वळसा. हळूहळू ढिगाला नाळ आली, बूड आलं.

लोखंडावर मोकळी जागा नाही. पांढरी आणि केशरी प्ल्युमोज अॅनिमोन, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, गुच्छांनी, आणि एक मऊ प्रवाळ, ज्याला इकडं मेलेल्या माणसाची बोटं म्हणतात. नाव ऐकून शिसारी येते, पण ते खातं-पितं असतं तेव्हा अंगावर बारीक पांढरी फुलं उमललेली असतात. एका पत्र्याखाली ताटाएवढा खेकडा. टॉर्च मारला तर मागं सरकला, पण पळाला नाही.

खोली ९ मीटर, तापमान १०. ३१ मिनिटांनी मी अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊया. हवा भरपूर होती, पण बोटं बटण नीट शोधत नव्हती. बाहेर येऊन दगडांवर उभा राहिलो तेव्हा मंगळवारचा हिशेब गुडघ्यांना कळला. टॉवेल कामी आले. भाचा म्हणाला, "मामा, थंडी वाजायलीय काय?" मी म्हणालो, "वाजत नाही, ऐकू यायलीय." दात खरंच वाजत होते.

गुरुवार, बॉयलर

सकाळी सिलिंडर भरून आणायला स्ट्रॉमनेसला. दगडी, अरुंद गल्लीचं गाव. जर्मन जहाजांवर जाणाऱ्या बोटी बहुतेक इथूनच निघतात. धक्क्यावर दोन-दोन टाक्यांची माणसं बघितली. त्यांच्यापुढं आमचं सामान शाळकरी दिसत होतं.

दुपारी त्याच जागी, पण यावेळी ढिगाच्या दुसऱ्या टोकाला. केल्पमधून एक भलंमोठं नळकांडं वर आलं, आडवं, माझ्या दुप्पट उंचीचं. भाचा पुढं निघाला होता. मी थांबलो. हे काय आहे ते मला सांगायची गरज नव्हती.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलच्या बॉयलर हाउसमध्ये फायरमन होते. लहानपणी डबा द्यायला गेलो की लांबून भट्टीची तोंडं दिसायची. तिथले बॉयलर लँकेशायर पद्धतीचे, लांबलचक, विटांच्या कोठडीत निजवलेले, पोटात दोन मोठ्या नळ्या, त्यांत कोळसा. जहाजाला एवढी लांबी परवडत नाही आणि विटा तर नाहीच. म्हणून जहाजाचा बॉयलर आखूड आणि ढब्बू. आग भट्टीतून मागं जाते आणि वरच्या बारीक नळ्यांच्या जुडग्यातून परत पुढं येते. तेवढ्याच जागेत दुप्पट वाट. मी पुढच्या बाजूला आलो तेव्हा भट्ट्यांची गोल तोंडं समोर होती, आणि त्यांच्या वर नळ्यांची भोकं, मधमाश्यांनी नाही तर कुणा हिशेबी माणसानं पाडलेली, रांगेत. एका भट्टीत टॉर्च घातला. जिथं कोळसा पेटायचा तिथं बारीक मासे घोळका करून होते.

जहाजाचे पत्रे सडून गेले, बॉयलर तेवढा शाबूत. कारणही साधं: वाफेचा दाब धरायला त्याचं पोलाद कितीतरी जाड ठेवलेलं असतं. सोलापुरात मिल पडल्या तेव्हा बॉयलर भंगारात गेले, चिमण्या पाडल्या. धड उभा म्हणावा असा बॉयलर मी कितीतरी वर्षांनी बघितला तो उत्तर समुद्रात. मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वडिलांना रिव्हेटांच्या ओळी मोजायची सवय होती. मीही मोजायला लागलो आणि भाच्यानं माझ्या पायातली फिन ओढली.

वर आल्यावर मी विचारलं, एखादी रिव्हेट पडलेली असेल तर उचललेली चालते का. त्याचा चेहरा बघून विषय सोडला. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजावरचं काहीही वर आणलं तर २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि मुळात आणायचंच नाही अशी त्याच्या क्लबाची शिस्त आहे. बरोबर आहे. आमच्याकडे असतं तर आठवड्यात बॉयलरसुद्धा गेला असता.

शुक्रवार, कर्कवॉल

रविवारी विमान, आणि बुडीनंतर किमान २४ तास विमानात बसायचं नाही. तसा एक दिवस हातात होता, पण वारा परत पूर्वेला वळत होता. यावेळी गवत मीच आधी बघितलं आणि मीच नको म्हणालो.

मग ऑर्कनीच्या मुख्य गावी, कर्कवॉलला गेलो. सेंट मॅग्नस कॅथीड्रल तांबड्या-पिवळ्या दगडाचं आहे. आत रॉयल ओकची घंटा आहे आणि मेलेल्यांच्या नावांची वही. ती नौका अजून स्कापाच्या पाण्यात उलटी पडलेली आहे. ती कबर मानली जाते, तिथं कोणाला बुडी मारू देत नाहीत. दरवर्षी १४ ऑक्टोबरच्या सुमारास आरमाराचे डायव्हर खाली जाऊन तिच्यावरचं निशाण बदलतात. वहीचं जे पान उघडं होतं त्यावर 'बॉय' हुद्द्याची नावं दिसली. अठरा वर्षांखालच्या पोरांना तेव्हा आरमारात हा हुद्दा असे.

परतीच्या फेरीवर भाच्यानं पुढचा बेत काढला. सप्टेंबरात पाणी १३ अंशांवर जातं, तेव्हा या. सप्टेंबरात दिवाळीच्या ऑर्डरी असतात, मला माग सोडून हलता येत नाही, असं मी म्हणालो. मग फेब्रुवारीत या, तेव्हा ६-७ असतं. मी त्याला कोरड्या हातमोज्यांची किंमत विचारली. त्यानं पौंडात सांगितली. मी रुपयांत केली, आणि मग दोघंही काही वेळ मेंढ्यांबद्दल बोललो.